नारायण पेठ, अमेरिका

वार रविवार. रक्कम नऊ डॉलर नव्याण्णव सेंट. हजर: मी, माझी पत्नी मंगल, मुलगी ईशा आणि हॉलमधल्या दिवाणावर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेले माझे सासरे तात्या. या चौघांपैकी एकही जण अमेरिकेत राहत नव्हता. पुढचा सगळा घोटाळा एवढ्या एकाच कारणाने झाला.

तात्या धायरीचे. धायरीच्या शेतात ज्वारी उगवायची तोवर त्यांनी शेती केली. इमारती उगवायला लागल्या तशी सोडली. तरुणपणी मात्र त्यांनी पंचक्रोशीतले आखाडे गाजवले होते. मी नारायण पेठेतला, एका कंपनीत हिशेब तपासतो. आयुष्यात एकदाही कोणाला चीत केलेलं नाही. (आमचा प्रेमविवाह. नोंदणी कार्यालयाची पावती माझ्याकडे आहे.) आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून ऑपरेशननंतर तात्या आमच्याकडे राहायला आले होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चालायचं. तात्यांनी वॉकरकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ज्या पायानं आखाडं मारलं, त्यो आता ह्या पिंजऱ्यात घालू व्हय? न्हाई जमायचं."

रोज संध्याकाळी सहाला फिजिओथेरपिस्ट शेख मॅडम यायच्या. त्यांनी मंगलला दाराशी बाजूला घेऊन सांगितलं, "हे असेच पडून राहिले तर गुडघा आखडेल. मग ऑपरेशन करून न केल्यासारखंच." त्या रात्री मंगल जेवली नाही. वडिलांना सगळं आयुष्य ताठ चालताना पाहिलेली मुलगी ती!

मार्ग ईशाने काढला. ही हिंजवडीला आयटीत आहे आणि कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे एक ॲप असतं. जगभरातल्या कुस्त्या दाखवणारं एक परदेशी ॲप तिला सापडलं. पहिले पंधरा दिवस फुकट. (हा मुद्दा मला तत्काळ पटला.) त्यातल्या तुर्कस्तानातल्या कुस्त्या तिने तात्यांना मोबाइलवर दाखवल्या. दोन दांडगे पैलवान, अंगभर तेल, खाली हिरवं गवत आणि कातड्याच्या काळ्या चड्ड्या. तात्या उठूनच बसले!

"आरं तिच्या! तेल लावून धरत्यात कसं रं एकमेकाला?"

"पूर्ण बघायचं असेल तर आतल्या खोलीत यावं लागेल आजोबा," ईशा म्हणाली. "टीव्ही तिकडे शिफ्ट केलाय."

तात्यांनी नातीकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं आणि तो धरून उठले. तेव्हापासून दिवसातून दोनदा हॉल ते आतली खोली अशी वारी... नव्हे, लढाईच सुरू झाली. त्यांना एक मिशीवाला पैलवान आवडायला लागला. सगळे तेलात माखलेले, सगळ्यांच्या चड्ड्या काळ्या. पण तात्या त्याला पाठमोराही ओळखायचे. करार सरळ होता: कुस्ती आहे तोवर चालणं आहे.

आणि फुकटची मुदत संपली नेमकी त्या रविवारी. त्याच दुपारी साडेचारला मिशीवाल्याची शेवटची कुस्ती! शिवाय तात्यांनी आम्हाला न विचारता धायरीला फोन करून तालमीतल्या जुन्या सवंगड्यांना बोलावून ठेवलं होतं.

"किती जण येणार आहेत तात्या?" मी विचारलं.

"लै न्हाईत. टेम्पोत बसत्याल तेवढंच."

माझं बँकेचं कार्ड त्या परदेशी लोकांनी आधीच नाकारलं होतं. म्हणून शुक्रवारी ईशाने मला व्हर्च्युअल डॉलर कार्ड काढून दिलं.

"हे कार्ड येणार कधी?"

"येणार नाही बाबा. व्हर्च्युअल आहे."

"म्हणजे आत्ता कुठे आहे?"

"कुठेच नाही!"

"मग पैसे कशात भरायचे?"

"कार्डात!"

कुठेच नसलेल्या कार्डात मी घामाघूम होऊन नऊशे सदतीस रुपये भरले. ईशा म्हणत होती, पंधरा डॉलर भर, थोडे जास्त असू देत. मी बरोबर नऊ डॉलर नव्याण्णव सेंट भरले. जेवढं बिल तेवढे पैसे. परक्या देशात आपले पाच डॉलर उगाच कशाला बसवून ठेवायचे?

तर रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी लॅपटॉप उघडला. नाव टाकलं. कार्डाचा आकडा टाकला. पुढची चौकट पत्त्याची.

"इथे आपला पत्ता नाही, कार्डाचा टाकायचा," ईशा म्हणाली. "ॲपमध्ये दिलाय बघ."

मी पाहिलं. मेपल स्ट्रीट, गाळा क्रमांक चारशे सहा, अमेरिका.

"पण आपण तिथे राहत नाही."

"कोणीच नाही राहत! सगळ्या कार्डांना तोच ॲड्रेस असतो."

"म्हणजे हजारो माणसं एका गाळ्यात? आणि खाली काय लिहिलंय वाच. 'वरील माहिती खरी आहे.' त्यापुढे टिक करायची. मी करणार नाही."

"बाबा, जस्ट टाक ना यार!"

"ईशा, घरात स्वतः राहतो म्हणून आपल्याला घरपट्टीत चाळीस टक्के सवलत आहे. उद्या कोणी हा कागद काढला आणि विचारलं, तुम्ही तर मेपल स्ट्रीटला राहता, मग? व्याजासकट वसूल करतील!"

मंगल आतून म्हणाली, "अहो, महापालिका काय तुमच्या खुर्चीमागे उभी आहे का?"

खरं सांगतो, मी मागे वळून पाहिलं.

मी नारायण पेठेचा पत्ता टाकला. मारुतीच्या देवळासमोर, दुसरा मजला, सगळं. चाक फिरलं. नाकारलं. मग मी जरा लवचीक झालो. गल्ली आपली आणि पिनकोड अमेरिकेचा, म्हणजे निदान अर्धं खरं. नाकारलं. तिसऱ्यांदा मी मला सुचलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग काढला: पत्ता अमेरिकेचा लिहिला आणि पुढे कंसात 'प्रत्यक्ष वास्तव्य नारायण पेठ' असं इंग्रजीत टाकलं. त्या चौकटीला कंसच चालत नव्हते! (मला कंसाशिवाय जमत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.) मी त्याच मजकुरातून कंस काढले. नाकारलं.

चार वाजायला आले होते. हॉलमधून हाक आली, "जावईबापू, झालं का वो? मानसं निघाल्यात."

मंगल येऊन माझ्यासमोर उभी राहिली. आवाज अगदी हळू. "त्यांनी आज पुन्हा भिंतीकडे तोंड केलं ना, तर मी काय करू सांगा."

मी डोळे मिटले आणि अमेरिकेत राहायला गेलो. मेपल स्ट्रीट, गाळा क्रमांक चारशे सहा. टिक केली. बटण दाबलं. चाक फिरलं, फिरत राहिलं आणि थांबलं.

'पुरेशी शिल्लक नाही.'

"हे कसं शक्य आहे? मी सेंट-सेंट मोजून भरलेत!"

ईशाने ॲप उघडलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, पेमेंट नाकारलं की दर वेळी अर्धा डॉलर फी कापतात. तू तीनदा नाकारून घेतलंस. आठ एकोणपन्नास उरलेत."

"मग भर दीड डॉलर! पटकन!"

"आज संडे आहे. डॉलर उद्या जमा होतील."

हिशेब तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. खरं बोलल्याबद्दल दर खेपेला अर्धा डॉलर दंड पडतो, हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. एकदा, दोनदा. सात म्हातारे आत आले. सगळ्यांच्या टोप्या पांढऱ्या, सगळ्यांचे कान कुस्तीत मोडलेले. पुढे किसनअण्णा, वय सत्तर, खांदे आमच्या दाराएवढे.

"रामराम पाव्हणं! कुठाय तुमचा मिशीवाला?"

मला नारळपाणी आणतो म्हणून सटकावंसं वाटलं. पण दारात म्हातारे होते. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं: कार्ड, पत्ता, चाळीस टक्के, अर्धा डॉलर. बोलणं संपल्यावर किसनअण्णांनी तात्यांना विचारलं, "म्हंजी कुस्ती न्हाई?"

तात्यांनी वॉकर पायाने थोडा दूर सारला. त्यांची मान भिंतीकडे वळायला लागलेली मला दिसली. मंगललाही दिसली.

"कुस्ती आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं. "इथेच लावू. किसनअण्णा आहेत, आणि... आणि मी आहे."

सातही जण माझ्याकडे असं पाहू लागले, जसं बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस शेळीकडे पाहतो. तात्यांची मान मात्र थांबली.

"तेलाबिगर तसली कुस्ती न्हाई हुत," ते म्हणाले.

मंगलने शेंगदाणा तेलाचं पाकीट आणलं.

"अगं, नवं फोडतेस?"

"जुनं संपलंय. शर्ट काढा."

आतल्या खोलीतलं टीपॉय सरकवलं, दिवाणावरून दिसेल अशा गाद्या अंथरल्या. बनियनवर मी, अंगाला अर्धा लिटर तेल. (भाव मी इथे लिहीत नाही, पुन्हा त्रास होतो.) किसनअण्णांनी मला प्रेमाने धरलं. त्या प्रेमाने माझ्या दोन बरगड्या एकमेकींना भेटल्या.

"भिऊ नगासा पाव्हणं. निस्ता एकेरी पट दावतो."

त्यांनी वाकून माझा एक पाय उचलला. मी दुसऱ्यावर, देवाच्या भरवशावर. आणि हॉलमधून गर्जना झाली.

"आरं किसन्या, तसं न्हाई! खांदा आत घाल! आयुष्यभर चुकलास त्यो आजबी चुकतूयास व्हय रं!"

तात्या उठले होते. वॉकर दिवाणापाशीच होता. एक पाऊल, दुसरं पाऊल. ऑपरेशन झालेला पाय टेकवत, रागाने लाल होऊन ते थेट गादीपर्यंत चालत आले आणि किसनअण्णांचा खांदा त्यांनी दोन्ही हातांनी आत ढकलला.

मंगलने तोंडावर पदर धरला. ईशा मोबाइलवर शूटिंग करायची विसरली. (असं पूर्वी कधी झालेलं नाही.) किसनअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हादू, चाललास की रं!" असं म्हणून तात्यांना मिठी मारायला त्यांनी दोन्ही हात पसरले.

त्यातल्या एका हातात माझा पाय होता.

मी पडलो. पहिल्यांदा गादीवर, मग तेलामुळे तिथून पुढे, टीपॉयच्या पायापर्यंत. सातही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांसाठी, हे उघड होतं.

बरोबर सहाला शेख मॅडम आल्या. पेशंट खिडकीपाशी उभा राहून डाव समजावत होता आणि घरमालक जमिनीवर पसरला होता, चकाकत.

"आज उपचार कोणावर करायचे, तेवढं ठरवून घ्या," त्या म्हणाल्या. त्यांनी तात्यांना खोलीतून एक फेरी मारायला लावली, हसल्या आणि मग माझ्या कमरेपाशी बसल्या. "आजोबांना वॉकर आणखी थोडे दिवस. नंतर तो तुम्ही वापरा."

डॉलरवाल्या कार्डात ते आठ डॉलर एकोणपन्नास सेंट अजून आहेत. पुढचे सगळे रविवार म्हातारे आमच्याकडेच येत राहिले. टीव्ही कोणी लावलाच नाही.

त्या दिवशी खिशातून रोख रक्कम गेली ती एकच: शेख मॅडमना, सहाशे रुपये. उताणा पडल्यापडल्याच मी म्हणालो, "विम्यासाठी पावती द्या." त्यांनी पेन काढलं.

"नाव?"

मी सांगितलं.

"पत्ता?"

दुपारभर तेवढंच केलं होतं हो! एका श्वासात म्हणून गेलो, "मेपल स्ट्रीट, गाळा क्रमांक चारशे सहा, अमेरिका."

त्यांनी तसंच लिहिलं. खाली माझी तेलकट सही आहे. सवलतीचे चाळीस टक्के गेले तर ते याच पावतीवरून जातील.