वीस चिंचोके

जरा निवांत बस, बाई. पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेलीस आन् आजीला फोनवर नुसतं 'बरी आहे' म्हणतेस, हे काही बराबर न्हाई. आज तुझ्या आजोबांचं लिहून राह्यले, ते तरी नीट वाच.

तुझी आई शाळेत होती तेव्हा हे जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात मुकादम होते. कोणता लॉट आधी चाळायचा, कोणता मागून, हे तेच ठरवायचे. बाजरीवर ज्वारी घेतली की जाळ्या बदला, यंत्र झाडून काढा. दाणा राहिला की भेसळ. वर गाड्यांची घाई. मंग हे घरी ओसरीवर चिंचोके मांडायचे. एक चिंचोका म्हणजे एक लॉट. जागा बदलत बसायचे.

मी म्हणायचे, "अहो, भाकर आधी का कालवण आधी, एवढंच ना?"

"तुझ्या दोनच जिनसा. तीन चिंचोके सहा तऱ्हेनं लागतात. चौथा आला की चोवीस, पाचवा आला की एकशेवीस. माझे वीस हायेत. मांड बरं."

"मांडते कशाला, भाजून खाते," मी म्हणायचे. हे हसायचे तेव्हा.

एका साली यंत्र कमी वेळा झाडावं लागावं म्हणून त्यांनी ज्वारी सलग घेतली. घनसावंगीकडं धाडायची बाजरी मागं पडली. बियाणं पोचेपर्यंत पेरणीची ओल गेली. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "मुकादम, क्रम चुकला तुमचा."

घरी येऊन हे एवढंच बोलले, "बराबर क्रम होता. मला घावला न्हाई."

नोकरी सुटली, चिंचोके सुटले न्हाईत. अजून त्याच सालचे लॉट मांडतात.

मागल्या दिवाळीत तुझा मामा आल्ता. तो दुसऱ्या कारखान्यात हेच काम कॉम्प्युटरवर करतो. म्हणाला, "बाबा, वीस लॉटच्या सगळ्या तऱ्हा एकेक तपासायच्या तर आमच्या मशीनलाबी जन्म पुरायचा न्हाई. आम्ही त्यातल्या त्यात बरा क्रम घेतो आन् गाडी सोडतो."

मला वाटलं, आता ओझं उतरलं. ह्यांनी मांडलेले चिंचोके मुठीत गोळा केले. मंग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या बाजरीसकट सगळेच लॉट वेळेवर जातील असा क्रम होता का नव्हता, हे बी तुला सांगता यायचं न्हाई?"

मामा खाली बघत म्हणाला, "न्हाई, बाबा."

तेव्हापासून ताटातली भाकर तशीच राहते. चुकलो म्हणावं तर पुरावा न्हाई, न्हाई चुकलो म्हणावं तर तोबी न्हाई.

तू त्यांना काही समजावू नको. नुसती समोर बस आन् मांडू लाग. एकटेच मांडून राह्यलेत. सुट्टीची वाट बघू नको, लवकर ये.