अठरावं प्रकरण

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. कुणाच्या अंगात आल्याच्या गोष्टी सुरू झाल्या की मी सरळ उठून घरी येते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्म कोलकात्याचा, वय एक्कावन्न. घरात मराठी, बाहेर बांगला, लिहिते मात्र इंग्रजीत. एकच कादंबरी, नऊ वर्षं घोळत असलेली. ती वाचली फक्त आईने. आई इंग्रजीची निवृत्त शिक्षिका — फोडणी टाकता टाकता हळदीच्या हाताने पानं उलटायची. "आई, आधी हात धू गं," हे आमचं रोजचं भांडण. अठराव्या प्रकरणात नायिकेची आई जाते. ते वाचून म्हणाली, "हे काढ. नुसतं रडगाणं झालंय." मी ऐकलं नाही. गेल्या वर्षी आई गेली.

नंतर सगळीकडून नकार. शेवटी दिल्लीच्या एका लिटररी एजंटने कोलकात्याच्या फेरीत वीस मिनिटं दिली. पूर्ण कादंबरी छापून आणा म्हणाल्या. इथेही जमलं नाही तर सगळं रद्दीत घालायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

मंगळवार, सकाळचे साडेदहा. बालीगंज स्टेशनजवळच्या दुकानात प्रिंट काढली. "दीदी, गुने निन," दुकानदार म्हणाला. मोजून घेतली, दोनदा — तीनशे चाळीस पानं. फाइल पिशवीत, पिशवी छातीशी. भेट ठरलेला कॅफे चालत दहा मिनिटांवर. मध्ये कुठेही थांबले नाही.

एजंट मॅडम पानं चाळत होत्या... मध्येच थांबल्या. "एकशे शहाण्णवनंतर एकदम दोनशे तेरा?"

अख्खं अठरावं प्रकरण गायब. "मॅडम, पाच मिनिटं द्या, धावत जाऊन आणते..." मी अक्षरशः हात जोडले. त्यांनी मला थांबवलं आणि पुढे वाचत राहिल्या.

"तुम्ही आधी पाठवलेल्या सारांशात आईच्या मृत्यूचं लांबलचक प्रकरण होतं. मला त्याचीच धास्ती होती. काढलंत तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

"बरं केलंत. मी घेते ही कादंबरी." मग हसून म्हणाल्या, "फक्त स्वयंपाक करताना पानं हाताळू नका."

दोनशे तेराव्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. मधोमध तिरकी रेघ. आईचा अंगठा विळीवर कापला होता, त्याची.

दुकानात विचारलं, रस्ता पालथा घातला, ती सोळा पानं मिळाली नाहीत. नवरा म्हणतो, दुकानदाराचा हात लागला असेल. असेल बाबा. पण ती रेघ?

महिना झाला. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलंय. जमलंय की बिघडलंय, मला काही कळत नाही. रोज सकाळी उठून आधी तेच बघते... पानं अजून स्वच्छ आहेत.