एक ठाण आणि युन

पेई गांगला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काहीच करत नव्हता. पण ते काहीच न करणं त्याला इतकं साधलं होतं, की राजधानी चांगआनच्या पश्चिम बाजारातली माणसं तोंडातला सौदा तोंडात ठेवून त्याच्याकडे बघत होती. कपाळावर लांबलचक बांबू, बांबूच्या टोकाला आडवी काठी, त्या काठीला गुडघ्यांनी लटकलेली एक मुलगी, आणि खाली गांग. बांबू घेणाऱ्याने नजर टोकावरून हलवायची नसते. जमिनीकडे बघितलं की संपलं, लोकांकडे बघितलं की संपलं. त्यामुळे अख्खं शहर गांगला ओळखत होतं आणि गांग शहरात कोणालाच ओळखत नव्हता.

आमच्या ताफ्यात मी तेव्हा सोंगं काढायचो. ढोल, आग गिळणारे, सुऱ्या झेलणारे, सगळे होते. पण लोक येत ते या दोघांसाठी.

वर लटकणारी ती मुलगी म्हणजे युन. ती आमची नव्हती. लुआन नावाचा लाखकामाच्या भांड्यांचा मोठा व्यापारी होता, त्याच्या घरची ती दासी. गाणाऱ्या, नाचणाऱ्या मुली घरात बाळगायची तेव्हा श्रीमंतांची पद्धत होती. सणासुदीला लुआन तिला आमच्याबरोबर उभं करी, कारण तिला पेलणारा माणूस त्याच्या घरात नव्हता. दोघांचं जुळलं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. खेळात तो तिच्या उलट्या डोक्याखेरीज काही बघत नसे, आणि तिला त्याचं फक्त कपाळ दिसे. संसार याहून कमी भांडवलावर उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

गांगने लुआनकडे जाऊन सरळ तिची मागणी घातली. लुआन माणूस वाईट नव्हता, व्यापारी होता. त्याने सांगितलं की चांगल्या रेशमाचं एक भरगच्च ठाण आण आणि तिला घेऊन जा. गांगची आई त्याच संध्याकाळी मागावर बसली. दिवसा लोकांचं विणायची, उरलेल्या वेळात हे. काठाला तिने रानहंसांच्या जोड्या घातल्या. लग्न ठरवताना मुलाकडून मुलीकडे रानहंस जातो. गांगला जिवंत हंस परवडणारा नव्हता, म्हणून तिने विणलेले पाठवायचं ठरवलं.

ठाण मागावरून उतरलं त्याच महिन्यात बाजाराच्या मनोऱ्यावर ढोल वाजला.

नव्या सम्राटाबद्दल मी वाईट बोलणार नाही. बाकी सगळे बोलून झाले आहेत. लहानग्या राजाच्या वतीने कारभार बघता बघता एक दिवस ते स्वतःच गादीवर बसले, हे खरं. पण बसून स्वस्थ राहिले नाहीत. प्राचीन काळी सगळं कसं चांगलं होतं हे त्यांनी पुष्कळ वाचलं होतं, आणि ते सगळं आमच्या हयातीत परत आणायचा त्यांनी चंग बांधला होता. जमिनी सगळ्या राज्याच्या झाल्या. गावांची नावं बदलली, मग बदललेली बदलली. आमचा ढोलवाला दौऱ्यावरून घरी गेला तर घर जागेवर होतं, गाव नव्हतं. आणि त्या दिवशी ढोल वाजवून सांगितलं, की माणसं विकणं हे गुरंढोरं विकण्यासारखं आहे, देवाला ते आवडत नाही. इथून पुढे दासदासी म्हणायचं नाही, ‘आश्रित’ म्हणायचं. आश्रितांची खरेदी-विक्री बंद. करील त्याची रवानगी सरहद्दीवर.

सम्राटांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते पटलं. गांगलाही पटलं. तो ठाण काखेत घेऊन उभा होता.

बाजारात सल्ल्याला तोटा नाही. भाकऱ्या विकणारा म्हणाला, थांब जरा, महिन्याभरात हाही हुकूम बदलेल. कोणी म्हणालं, लुआनने तिला नुसतंच मोकळं करावं, त्याला कायद्याची ना नाही. लुआनचीही ना नव्हती. फक्त फुकट मोकळं करायला त्याला काही कारण दिसत नव्हतं. शेवटी ढोलवाल्याने तोड काढली. विकत घ्यायचं नाही. वर्षअखेरच्या सणाला ठाण भेट म्हणून द्यायचं. काही दिवस जाऊ द्यायचे. मग लुआनने युनला भेट म्हणून पाठवायचं. एकाच दिवशी झालं तर तो सौदा, दिवस मध्ये गेले तर तो शिष्टाचार. प्राचीन काळी सगळे असेच वागत असणार.

गांगने सणाला ठाण नेऊन दिलं. भेट देताना बदल्यात काय हवं ते बोलायचं नसतं, तशी रीत आहे. तो बोलला नाही. लुआनने दोन्ही हातांनी ठाण घेतलं, वाकून आभार मानले, गरम दारू पाजली.

नंतर काहीच झालं नाही.

हिवाळा गेला, तुतीला पानं आली. ‘मागत का नाहीस?’ असं आम्ही त्याला रोज विचारायचो. त्याचं म्हणणं, मागितलं तर भेट राहत नाही, सौदा होतो, आणि मग तो सरहद्दीवर आणि युन इथे. लुआनही हे जाणून होता. रस्त्यात दिसला की गांगच्या आईची तब्येत आवर्जून विचारायचा.

त्या शरदात लुआनच्या आईला सत्तर वर्षं पुरी झाली. सत्तरीच्या माणसाला सरकारातून मुठीवर लाकडी पारवा बसवलेली काठी मिळते. ती काठी हातात असलेल्या माणसाशी उद्धटपणा केला तर थेट राजाशी केल्यासारखं धरतात. बाजाराचे अंमलदार जिंग स्वतः काठी घेऊन आले. लुआनने अंगणात मेजवानी मांडली: भाजलेलं बदक, डुकराची रस्सेदार कालवणं, आणि सरकारी मक्तेदारीची पाणचट दारू, जिला सगळ्यांनी अंमलदारांसमोर वाहवा म्हटलं. आमचा ताफा बोलावला होता.

म्हातारी मधोमध बसली होती, नवा कोरा झगा घालून, काठी गुडघ्यांवर आडवी. ढोल सुरू झाला. गांगने बांबू कपाळावर घेतला, युन सरसर वर गेली, टोकाच्या आडव्या काठीला गुडघे अडकवून उलटी झाली आणि हात सोडले. इथे लोक श्वास रोखतात. मी माकडाचा मुखवटा घालून त्यांच्या भोवती नाचत होतो, म्हणून मला पुढचं सगळं जवळून दिसलं.

बांबू थरथरला. इतक्या वर्षांत कधी नव्हता थरथरला.

गांगने नजर न हलवता खालूनच विचारलं, “काय झालं?”

वर युन उलटी लटकलेली. म्हणाली, “आजींच्या अंगावर आपलं कापड आहे.”

ढोलवाला थांबला. गांग म्हणाला, “नीट बघ.”

“हंस आहेत की. तुझ्या आईचेच. एकाची मान जरा जाड झालेली, तोसुद्धा आहे.”

हे बोलणं दोघांपुरतंच होतं, पण एवढ्या उंचीवरून काही दोघांपुरतं राहत नाही. म्हातारीने बाही डोळ्यांजवळ नेली आणि सावकाश न्याहाळली. लाखेच्या भांड्यावरचा केसाएवढा तडा लुआनला अंधारात दिसायचा; कापडातलं त्याला काही कळत नसे. भारी रेशीम दिसलं, शिंप्याला दिलं.

“काय रे,” म्हातारी लेकाला म्हणाली, “या वयात माझं लग्न जमवलंयस की काय?”

लुआन म्हणाला, “आई, ते भेट आलेलं कापड आहे.”

“कोणाकडून?”

लुआनने बांबूच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवलं.

“आणि आपण उलट काय पाठवलं?”

“आभार मानले.”

“नुसते?”

“दारूही दिली.”

म्हातारीने अंगणातल्या पाहुण्यांकडे पाहिलं. घेतलेल्या भेटीची परतभेट न करणं म्हणजे भर चौकात जोडे विसरून येण्यासारखं. आणि इथे तर तिने ते अंगावर घातलं होतं. तिने गांगला विचारलं, “तू रे, बांबूवाल्या, कोणासाठी विणवलंस हे?”

गांग अजून वरच बघत होता. म्हणाला, “आजी, मला आत्ता खाली बघता येत नाही. वर बघतोय ना, तिच्यासाठी.”

त्याने मागितलं नव्हतं. विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. लुआन घाईने म्हणाला, की अंमलदारसाहेब बसले आहेत, माणसाच्या बदल्यात कापड हा सौदा होतो, कायदा कडक आहे. म्हातारी जिंगकडे वळली. काठीवरचा पारवाही त्यांच्याकडे वळला.

“साहेब, कापड आलं वर्षअखेरच्या सणाला. आता शरद चालू आहे. मी त्याचा झगा शिवून घातलाय, त्यावर रस्सा सांडलाय. हा सौदा का?”

जिंग यांच्या तोंडात बदकाचा तुकडा होता. तो त्यांनी पूर्ण चावला. मग म्हणाले, की रस्सा सांडलेल्या कापडाबद्दल वरून काही सूचना आलेली नाही.

“मग मुलगी माझ्याकडून परतभेट. मोकळी करून पाठव, लुआन. आणि तू गं, वरची! आता खेळ पुरा कर. मला पुढचं बघायचंय.”

युनने खेळ पुरा केला. असा तिने आधी कधी केला नव्हता. म्हातारी काठी आपटून आपटून दाद देत होती. मुखवट्याच्या आत मी काय करत होतो ते कोणाला दिसलं नाही. मुखवट्याचे काही फायदे असतात.

पुढे दोन वर्षांनी तो हुकूम मागे घेतला गेला. माणसं पुन्हा विकता येऊ लागली. लुआन भेटेल त्याला सांगायचा, की आईने जरा दम धरला असता तर.

पण त्याच्या खूप आधी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, युनने ताफ्याला सांगून टाकलं, की ती आता वर चढणार नाही. लहानपणापासून कोणीतरी सांगितलं म्हणून चढत होती. आम्ही खूप विनवण्या केल्या. ताफ्याची निम्मी गर्दी तिच्या जिवावर होती. गांगने बांबूच्या टोकावर पाण्याने भरलेला मातीचा घडा ठेवला आणि तोच खेळ करू लागला. लोक कमी झाले. घड्याला उलटं लटकता येत नाही.

युन बाजारात पेज विकायला बसायची. घड्याच्या खेळाच्या पहिल्या दिवशी ती उठून गर्दीत येऊन उभी राहिली. हा खेळ तिने खालून कधी पाहिलाच नव्हता. घडा वर गेला, बांबू स्थिर झाला, गांग दगडासारखा उभा. ती मान वर करून बघत राहिली. मग माझी बाही धरून हलकेच म्हणाली, “दादा, त्याला घडा खाली उतरवायला सांगा. पडेल ना.”