फुई एकटी पुरुषोत्तमनगरला गेली

माझ्या फुईची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीची, नजर तरुणपणीच जात गेली. मी शाळेत जायला लागले तोवर तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हसावदला ती आमच्याच घरी राहायची. शहाद्याच्या बाजाराला निघाली की सोबत मी. एसटीत खिडकीशी बसून मी सारखी बोलत असायचे. नुसतं "केळीचा मळा" म्हणून तिचं भागत नसे. घड लागलेत का, पानं फाटलीत का, सगळं सांगावं लागे. बांगड्यांच्या दुकानात मी "लाल" म्हटलं की ती विचारायची, "कसा लाल? मिरचीना का कुकूना?" दुकानदार हसत थांबायचा. त्या दिवसांइतकं मन लावून मी पुढे कधी काही पाहिलं नाही.

मोठेपणी मी पुण्यात मोबाइल ॲपचं डिझाइन करू लागले. गेल्या वर्षी अंध प्रवाशांसाठीच्या ॲपचं काम आलं. फोन एसटीसमोर धरला की त्याने पाटी वाचायची आणि वाटेत कुठलं गाव आलं ते सांगायचं. पहिला नमुना घेऊन मी थेट म्हसावद गाठलं. ओट्यावर बसून फुईने पडद्यावर बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण."

"हाई निस्तं बटन बटन करी ऱ्हायनं," फुई म्हणाली. "कसानं बटन, ते सांग ना!"

आम्ही दोघी हसत सुटलो. मग संध्याकाळी ओट्यावर रोजच बैठक बसू लागली. प्रत्येक बटणाला नाव मिळालं. गाडीच्या धक्क्याने बोट घसरू नये म्हणून बटणं चांगली मोठी केली.

फुईची बालमैत्रीण लग्नानंतर पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेली होती. वडील फुईला तिच्याकडे न्यायचे, पण चहा झाला की परतायची घाई. ॲप तयार झालं तेव्हा फुई म्हणाली, "तिनाकडे जासू. तू नको येऊ."

मी तिला म्हसावदच्या स्टँडवर सोडून घरी आले. शहाद्याला गाडी तिची तिलाच बदलायची होती. वडील भडकले. "एकलीले धाडी दिनं तू?" दुपारपर्यंत ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी फोन हातात धरून बसले होते.

शेवटी तो वाजला.

"पोहचनू," फुईचा आवाज. "शहादाले पाटीवर चिखल व्हता. फोन गप. मंग शेजारनी बाईले इचारं."

मागे तिची मैत्रीण हसत होती. कपबशा वाजत होत्या.

"आज आठेच ऱ्हासू, हिना घर. आम्हन्या गप्पा आत्ते कोठे सुरू व्हयन्यात."

वडिलांनी माझ्या हातून फोन घेतला आणि विचारलं, "सकाय लेवाले येऊ का?"

पण तिने केव्हाच फोन ठेवला होता.