लगेच हो म्हणायचं नसतं

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात चौकशी या गोष्टीवर कोणाचा जन्मसिद्ध हक्क असेल, तर तो आमच्या मोठ्या साळ्यांचा. बायको ज्यांना ‘दादा’ आणि मुलगी ज्यांना ‘मामा’ म्हणते, त्या या गृहस्थांसोबत चारचौघांत जाणं म्हणजे मान खाली घालण्याचा व्यायाम. माझ्या मानेचं दुखणं डॉक्टर मोबाईलवर ढकलतात, पण खरं कारण मला ठाऊक आहे. बाभुळगावात दातांचे नवे डॉक्टर आले तेव्हा यांची दाढ ठणकत होती. तरी गालाला रुमाल बांधून हे आधी समोरच्या पानठेल्यावर चौकशीला गेले, मग पिठाच्या चक्कीवर, आणि शेवटी खुर्चीत बसल्यावर तोंड उघडलं ते डॉक्टरांना विचारायला, “तुमचे सोताचे दात तुम्ही कोणाले दाखवता?”

नात्यातल्या पोरींची लग्नं मात्र यांच्याच चौकशीवर जमतात. पद्धत ठरलेली. घरात शिरण्याआधी गावाला विचारायचं, रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि सगळं कितीही पसंत पडलं तरी तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. ‘घरी बसतो अन् कळवतो’ म्हणून उठायचं. लगेच हो म्हटलं की माणूस हावरा दिसतो. फुलसावंगीच्या एका स्थळाला यांनी असं टांगून ठेवलं होतं, तर ती मंडळी उलट जास्तच अदबीनं वागायला लागली.

आमची मुलगी पुण्याला खगोलशास्त्राची पदवी करते. यंदा तिला एक ऐच्छिक विषय निवडायचा होता, आणि तिचा जीव रेडिओ दुर्बिणींवर जडलेला. त्या विषयाला जागा मोजक्या. शिवाय काही आठवडे दुर्बिणीच्या तळावर राहावं लागतं, म्हणून घरच्यांशी बोलल्याशिवाय तो विषय शिकवणारे सर कोणाला घेत नाहीत. नाहीतर संख्याशास्त्र होतंच, ते कोणालाही मिळतं. मी निघालो, तर साळे पिशवी घेऊन दारात हजर. “पोरीचा मामा जित्ता हाये अन् तुम्ही एकटेच चालले काय, जवाईबापू?”

कॉलेजात पोचल्यावर मुलगी प्रॅक्टिकलला गेली आणि मामांनी चहाची टपरी, झेरॉक्सवाला आणि शिपाई असा क्रम लावला. तासाभरात निकाल तयार. “रेडिओवाला विषय खानदानी हाये. संख्याशास्त्राचं घर मोठं, पण पोरं रडतच बाहेर निघतात म्हणे.” मग आम्ही सरांसमोर बसलो. उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून मामा सुरू झाले. “दुर्बीण कोणाच्या नावावर हाये, सर? याच्या आधीच्या पोरी नीट नांदून राह्यल्या ना?” सर भले. शेंगा सोलत, हसत उत्तरं देत होते. मी मात्र माझ्या चपलांचा अभ्यास करत होतो. टेबलाखाली जागा पुरेल का, याचाही अंदाज घेऊन झाला होता.

शेवटी सर म्हणाले, “एकच जागा उरलीय. बाहेर दुसरी विद्यार्थिनी थांबली आहे. तुमच्या मुलीचं नक्की समजू ना?”

मामांनी हात जोडले. “सगळं पसंत हाये, सर. घरी बसतो अन् कळवतो.”

सरांचा चेहरा उतरला. “ठीक आहे, तुमची इच्छा,” म्हणून त्यांनी बाहेरच्या मुलीला आत बोलावलं. मी वर पाहिलं, तोवर मामा मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले होते. “किती आदरानं बोलला माणूस!”

मुलगी धावत आली. “काय झालं?”

“पसंत हाये,” मामा खुशीत म्हणाले. “चार दिवसांनी हो म्हणू.”

ती तशीच आत पळाली. परत आली तेव्हा पुण्यात कमावलेली प्रमाण भाषा गळून पडली होती. “जागा गेली, मामा. तुम्ही आलेच कायले?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अन् बाबा, तुम्ही काय करत होते?”

मी लाजत होतो, हे तिला कसं सांगणार?

त्या दिवसापासून मामांची चौकशी बंद झाली. परवा कळंबला माझ्या पुतणीसाठी पाहुणे आले, तर हे कोपऱ्यात पोहे खात बसले. मुलाला पगारसुद्धा दुसऱ्या कोणीतरी विचारला. आयुष्यभर यांनी गप्प बसावं म्हणून मी देवाला हात जोडले, आणि आता ते गप्प बसले की मला घास जात नाही.

मुलगी संख्याशास्त्र करून, म्हणे न रडता, सुट्टीत घरी आली. मामा भेटायला आले ते उंबऱ्याजवळच बसले. तीच त्यांच्याजवळ सरकली. “मामा, तो विषय पुढच्या वर्षी पुन्हा आहे. सरांना भेटायला येता?”

“मी नाही येत, बाई.” त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. “सर तेच हायेत ना?”

“हो.”

“तब्येत बरी हाये त्याईची?”

“बरी आहे.”

त्यांच्या पोटात अजून चिक्कार प्रश्न होते, दिसत होते मला. पण ते टोपी डोक्यावर ठेवून उठले, पायरीवर थांबले आणि मान खाली घालूनच म्हणाले, “या खेपेला लगेच हो म्हणजो, बाई. घरचं आम्ही पाहून घेऊ.”