टाकीतली साखळी

सकाळपासून आभाळ भरून होतं, पण पाऊस पडायचं नाव घेत नव्हता. गॅरेजवाल्या दादाने बहिणीच्या मोटरसायकलची गंजलेली टाकी मांडीवर घेतली. मेहुणे गेल्यापासून गाडी उभीच होती. आता बहिणीला ती चालवायची होती. पण अशी टाकी बाजारात मिळत नव्हती. तळ गळका निघाला, तर गाडी भंगारातच जायची.

गंज सुटावा म्हणून टाकीत कालपासून व्हिनेगर मुरत होतं. दुसरे मिस्त्री आत मूठभर नट टाकून टाकी खुळखुळवतात, मग हरवलेला नट शोधत बसतात. दादा आत जुनी साखळी सोडायचा. टोक धरून ओढली की अख्खी बाहेर. टाकी गोधडीत गुंडाळून तो हळूहळू हलवू लागला.

"जोजवतोस काय? अंगाई म्हणू का?" बहीण म्हणाली.

"म्हण की. तळ पातळ झालाय, धसमुसळेपणा चालायचा नाही."

गंजाचं लाल पाणी ओतून त्याने टाकी धुतली, वाळवली, रॉकेल भरून कोऱ्या कागदावर ठेवली. हातातला चहा निवला, तरी दोघं कागदाकडेच बघत होती. कागद कोरडाच राहिला.

"दादा, चावी दे!"

"दम धर, बये. टाकी अजून जमिनीवर आहे," म्हणत तो दारातल्या स्कूटरच्या चाकात हवा भरायला उठला.