टॅन्सी गायीचा खटला आणि लॅथमचे पहिले नगराध्यक्ष

लिअँडर हॉस्किन्सना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे, बावीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी दारात आलेलं एकही अशील परत पाठवलं नव्हतं. दुसरी म्हणजे, लॅथम हे आता गाव राहिलं नव्हतं, सरकारी कागदावर शहर झालं होतं, आणि त्या शहराचे पहिले नगराध्यक्ष ते स्वतः होते. हे दोन अभिमान एक दिवस एकमेकांच्या उरावर बसतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ओहायो नदीकाठचं लॅथम म्हणजे अडीच हजार माणसं, चार चर्च, आणि गुरं किती ते देवाला ठाऊक. हॉस्किन्स मूळचे पिंपं बनवणाऱ्याचे चिरंजीव. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं; एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत बसून पुस्तकं वाचली आणि सनद मिळवली. पण जिभेवर सरस्वती नाचावी असं बोलणं. शेजाऱ्याची कोबी फस्त करणाऱ्या एका बोकडाची बाजू मांडताना त्यांनी ज्यूरीतल्या दोघांना रडवलं होतं, आणि त्यातला एक कोबीवाल्याचा सख्खा मेहुणा होता.

नगराध्यक्ष झाल्यावर त्यांनी मुख्य रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची वाट बांधली. लॅथमकर सकाळी धार काढून गाय रस्त्यावर सोडून द्यायचे. संध्याकाळी ती आपली आपण घरी यायची. नवी वाट गायींनाच जास्त आवडली. पाद्र्यांची बायको रविवारच्या झग्यासकट शेणात घसरली, तेव्हा हॉस्किन्सनी नियम काढला: मोकळं दिसेल ते जनावर कोंडवाड्यात आणि मालकाला दंड. अर्धं शहर खूश झालं, अर्धं शिव्या घालू लागलं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी निवडणूक होती. नियम टिकला तर लॅथम शहर राहणार, नाहीतर पुन्हा गाव, अशी हॉस्किन्सची पक्की समजूत होती. त्यांना झोपेतसुद्धा त्या फळ्याच दिसत.

निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी शहराचा पोलीस, मार्शल गिडियन योस्ट, टोपी हातात घेऊन कचेरीत आला.

"साहेब, एक गाय धरलीये."

"शाब्बास."

"शाब्बासकीची घाई करू नका. टॅन्सी आहे."

टॅन्सी फिलीनाची, म्हणजे हॉस्किन्सबाईंची गाय. त्यांच्या वडिलांनी दिलेली, लाडाची. फाटक उघडं कुणी टाकलं होतं, तर खुद्द नगराध्यक्षांनी. सकाळी प्रचाराचं भाषण घोकत ते बाहेर पडले आणि कडी लावायची विसरले.

किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा नगराध्यक्षच करायचे. गुरुवारी कोर्ट भरलं, तर उभं राहायला जागा नाही. फिलीनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मला वकील हवाय."

"ग्रिग्ज वकिलांना बोलवा," हॉस्किन्स म्हणाले.

"ते हिवतापाने अंथरुणात आहेत. तिसरा वकील या शहरात नाही. आणि मिस्टर हॉस्किन्स, तुम्ही दारातून कुणाला परत पाठवत नाही म्हणे. का ते नुसतं पाटीवर लिहिण्यापुरतं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. हॉस्किन्सनी डोक्यावरची उंच हॅट काढली, खुर्चीत ठेवली आणि म्हणाले, "कोर्ट इथे बसलंय असं समजा." मग खाली उतरले आणि हॅटसमोर लवून उभे राहिले.

पहिली पाच मिनिटं ते बेताने बोलले. पण घोड्याला टाच मारल्यावर तो काय चालत जातो? "कोर्टाने विचार करावा," ते हॅटला म्हणाले, "या फळ्या आधी की ही गाय आधी? नियम पोस्टाच्या भिंतीवर डकवला. हिला वाचायला कुणी शिकवलं? पुराच्या साली चर्चच्या माळ्यावर अडकलेली लेकरं कुणाच्या आईच्या दुधावर जगली? या टॅन्सीच्या आईच्या. कुणाचं वाईट न करणाऱ्या जिवाला नदीवर पाणी प्यायला जायची बंदी, हे कसलं शहर? असल्या शहरापेक्षा आमचं गाव बरं होतं!"

चाळीस मिनिटं ते बोलत होते. मार्शल योस्टने बाहीला नाक पुसलं. मध्येच हॉस्किन्सनी धावत वर जाऊन, हॅट घालून, "वकील, आवरतं घ्या," अशी स्वतःला ताकीद दिली, आणि परत खाली येऊन मुळीच आवरतं घेतलं नाही.

शेवटी ते खुर्चीत बसले. "वकिलांचं भाषण उत्तम झालं. पण कायद्यात त्याला जागा नाही. दंड एक डॉलर."

फिलीनाबाईंनी दंड भरला. "कोंबड्या, बोकड, सगळ्यांना सोडवलंत," त्या म्हणाल्या. "हरलात ते माझ्याच वेळी."

तीन दिवस घरात गार घेवडा आणि त्याहून गार अबोला होता. हॉस्किन्सना मनातून फार लागलं. पण एक समाधान होतं: जो बायकोलाही दंड करतो, त्याला मत कोण देणार नाही?

शनिवारी भिंतीभिंतीवर पत्रकं लागली. विरोधात उभे होते औषधवाले सायरस पॉमफ्रेट. चार माणसांसमोर त्यांची वाचाच बसायची. पत्रकात त्यांनी स्वतःचं असं काही म्हटलंच नव्हतं. हॉस्किन्स वकिलांचं भाषण वर्तमानपत्राच्या माणसाने उतरून घेतलं होतं, ते शब्दन् शब्द छापलं होतं, आणि खाली एकच ओळ होती: 'मी या वकिलांशी सहमत आहे. सा. पॉमफ्रेट.'

सोमवारी हॉस्किन्स एकसष्ट मतांनी पडले. महिन्याभरात नियम गेला.

नियम गेला त्या सकाळी फिलीनाबाईंनी त्यांच्यापुढे गरम धिरडी आणि मेपलचा पाक ठेवला. "मिस्टर हॉस्किन्स, खटला जिंकलात तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. हॉस्किन्सनी खिडकीतून पाहिलं. टॅन्सी फळ्यांच्या मधोमध उभी राहून रवंथ करत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. आणि मग सात धिरडी खाल्ली.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी वकिली केली. निवडणुकीला पुन्हा काही उभे राहिले नाहीत. तोंडातून शब्द न फुटणाऱ्या पॉमफ्रेटने तुम्हाला कसं पाडलं, असं कुणी खोडसाळपणे विचारलं, की ते हॅट गुडघ्यावर ठेवायचे.

"पॉमफ्रेटने? छे. मला पाडेल असा या जिल्ह्यात एकच वकील होता. आणि नेमका तो माझ्या बायकोने आधी गाठला."